आनंदाची शिस्त

संध्याकाळी ज्ञानेश्वर माउलींची पालखी तळावर पोचते, तेव्हा तिथला आवाज सवय नसलेल्या माणसाला सहन होत नाही. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. या दिंडीचा अभंग वेगळा, शेजारच्या दिंडीची चाल वेगळी. पखवाज कुठला कुणाचा ते कळत नाही. पालखी तंबूपाशी येते, दिंड्या तिच्याभोवती गोल धरून उभ्या राहतात आणि चोपदार हातातला दंड उंच धरतो. 'होऽऽ' अशी आरोळी तळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि सगळे टाळ थांबतात.

सगळे म्हणजे जवळजवळ सगळे. एखाद्या कोपऱ्यात टाळ वाजतच राहतात. नवख्याला वाटतं, यांना आरोळी ऐकू गेली नसावी. पण ते मुद्दाम वाजवत असतात, कारण त्या दिंडीची काही तक्रार असते. वाटेत कुणीतरी चालण्याचा क्रम मोडलेला असतो, कुणाची राहुटी लावायची जागा दुसऱ्याने अडवलेली असते, कुठे पाण्याचा टँकर पोचलेला नसतो. चोपदार चालत त्या दिंडीकडे जातो, गाऱ्हाणं ऐकतो, सोहळ्याच्या मालकांच्या कानावर घालतो. निवाडा झाला की ते टाळही थांबतात. मग दिवसभरात हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. पिशवी, चष्मा, पैसे, काय सापडलं ते सांगितलं जातं आणि ज्याचं त्याला दिलं जातं. उद्या किती वाजता निघायचं ते जाहीर होतं आणि त्यानंतर आरती होते.

हिला समाजआरती म्हणतात. देवासमोर हात जोडण्याआधी समाजाचे हिशेब मिटवून घ्यायचे, असा तिचा क्रम आहे. वारीबद्दल आपल्याकडे भक्तीच्या महापुराच्या भाषेत पुष्कळ लिहिलं जातं. पूर म्हटलं की त्याला काठ नसतो, नियम नसतो. वारीचा अनुभव नेमका उलटा आहे. तिथे जो आनंद दिसतो तो नेमाने, वेळेवर आणि क्रमाने केलेला असतो. तो एकट्याला करता येत नाही, अशीच त्याची रचना आहे. वारीचा आध्यात्मिक अर्थ शोधायचा तर आधी ही रचना पाहावी लागते.

सरदाराने घातलेली घडी

पंढरीची वारी ज्ञानदेवांच्याही आधीपासूनची. पण संतांच्या पादुका पालखीत घालून सोहळ्याने नेण्याची पद्धत तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका निघायच्या, आळंदीला यायच्या आणि दोन्ही संतांच्या पादुका एकाच पालखीतून पंढरपूरला जायच्या. पुढे दीडशे वर्षांनी दोन सोहळे वेगळे झाले. माउलींच्या स्वतंत्र सोहळ्याची आजची घडी बसवली ती १८३२च्या सुमारास हैबतबाबा आरफळकर यांनी. सातारा भागातल्या आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते.

शिपाईगिरीतून आलेल्या माणसाची नजर या सोहळ्यात जागोजाग दिसते. नगारा, तुतारी, घोडे, तंबू, तळ, चोपदार, मुक्कामांच्या ठरलेल्या जागा, निघण्याच्या ठरलेल्या वेळा. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू पुरवले. आजही सोहळ्याचे अश्व अंकलीहूनच आळंदीला चालत येतात. हे गाव कर्नाटकात गेलं, पण त्याचा मान आहे तसाच राहिला.

रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि रथामागे बाकीच्या, असा क्रम आहे. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे आणि तो दरवर्षी तोच असतो. एखाद्या घरातले आजोबा ज्या क्रमांकाच्या दिंडीत चालले, तिथेच नातू चालतो. लाखोंच्या गर्दीत माणूस हरवला, तरी त्याला आपल्या दिंडीचा क्रमांक सांगता आला म्हणजे पुरे. मग त्याला माणसं हाताला धरून तिथवर पोचवतात.

दिंडीतला दिवस

दिवस पहाटे, अंधारातच सुरू होतो. तुतारीच्या पहिल्या इशाऱ्याला सामान बांधायचं, दुसऱ्याला दिंडीत येऊन उभं राहायचं, तिसऱ्याला चालू लागायचं. राहुट्या, भांडी, वळकट्या मालमोटारीत चढतात आणि पुढच्या तळाकडे जातात. चालणाऱ्यापाशी उरतात ते टाळ, पताका, पाण्याची बाटली आणि पावसासाठी प्लास्टिकचा कागद.

दिंडीच्या मधोमध विणेकरी. त्याच्या पुढे दोन रांगांत टाळकरी, जवळ पखवाज, पुढे पताका, मागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका. चालता चालता काय म्हणायचं तेही ठरलेलं आहे. सकाळी मंगलाचरण, काकडा, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, संध्याकाळी हरिपाठ. या भजनी मालिकेला वेळापत्रक आहे, त्यामुळे सराईत वारकऱ्याला घड्याळ बघावं लागत नाही. नव्या माणसाला सुरुवातीला शब्द येत नाहीत. तो नुसता टाळ धरतो, शेजाऱ्याच्या पावलाकडे बघून पाऊल टाकतो आणि काही मुक्कामांनंतर त्याच्या तोंडी अभंग येऊ लागतात. पाठांतराचा वर्ग कुणी घेत नाही. रस्ताच शिकवतो.

जेवणाखाण्याचं अर्थकारणही साधं आहे. दिंडीत चालायचं तर 'भिशी' भरायची. त्यात दोन वेळचं जेवण, चहा, राहुटीतली जागा आणि सामान नेणाऱ्या गाडीचा खर्च येतो. ज्याला भिशी परवडत नाही तो पाणी आणतो, भाकऱ्या भाजायला बसतो, राहुटी ठोकतो. मोठ्या पगाराचा माणूस आणि मजुरीवर जाणारी बाई एकाच पंगतीत बसतात, एकाच राहुटीत पाठ टेकतात. पावसाने तळ चिखलाने भरला तर दोघांनाही तोच चिखल.

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. मोटारीने सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पंढरपूर. पालखीला त्यासाठी अठरा-वीस दिवस लागतात. पुण्यात आणि सासवडला दोन-दोन मुक्काम, तिथीच्या वाढ-घटीनुसार लोणंदलाही एकाचे दोन. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. निरेच्या पात्रात पादुकांना स्नान घातलं जातं आणि मगच पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. सोहळ्याला पोचण्याची घाई नाही, कारण जे करायचं ते वाटेवरच करायचं आहे.

आणि मागायचं काहीच नाही. विठोबा नवसाचा देव नव्हे, हे वारकरी घरात लहानपणापासून ऐकलेलं असतं. गळ्यात तुळशीची माळ घालताना माणूस वर्षाची वारी, एकादशीचा उपवास आणि मांस-मद्य वर्ज्य एवढं कबूल करतो. त्याच्या बदल्यात देवाकडून काय मिळेल, याचा उल्लेख त्या करारात नाही. तीर्थयात्रेतून फळाची अपेक्षा वजा केली की उरतं काय, हा प्रश्न वारीला विचारावा. तिचं उत्तर रिंगणात मिळतं.

धूळ आणि उडी

पहिलं उभं रिंगण तरडगावजवळ, चांदोबाचा लिंब इथे होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिंड्या उभ्या राहतात आणि मधून घोडे धावतात. पुढे माळशिरस तालुक्यात मोकळ्या माळावर गोल रिंगणं होतात. दोन घोडे असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा मोकळा. त्या मोकळ्या घोड्यावर माउली बसलेली आहे, असा भाव. तो घोडा स्वाराच्या घोड्याला गाठतो, पुढे जातो आणि जमाव एका आवाजात गर्जतो. घोडा गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकतात. कुणी चिमूटभर माती पदराच्या गाठीत बांधून घेतं.

तुकोबांच्या सोहळ्यात बेलवाडीला जे गोल रिंगण होतं, त्यात घोड्यांच्या आधी माणसं धावतात. पताकावाले धावतात. तुळशीवृंदावनं आणि पाण्याचे हंडे डोक्यावर घेतलेल्या बायका धावतात. विणेकरी धावतात. साठी-सत्तरीच्या बाया नऊवारीचा काष्टा घट्ट करून, एका हाताने डोक्यावरचा हंडा सावरत, वर्तुळ पुरं करतात.

रिंगणानंतर उडीचे खेळ. टाळकरी पखवाजाभोवती दाटीने गोल धरतात आणि एका तालावर उड्या, वाकणं, बसणं, उठणं सुरू होतं. दुसरीकडे फुगड्या, हुतूतू, झिम्मा. सासू-सुनेची फुगडी होते. फौजदार आणि शेतकरी हात धरून गिरकी घेतात. मिशा पिकलेले गृहस्थ एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारतात. गावात यांच्यापैकी कुणालाही असं खेळताना कुणी पाहिलेलं नसतं.

बायकांच्या दृष्टीने या खेळाचं मोल वेगळं आहे. वर्षातून एवढे दिवस कुणी 'कुठे चाललीस' असं विचारत नाही. चूल आपली एकटीची नसते, ती दिंडीची असते. घरच्या माणसांशिवाय, एकट्या निघालेल्या बायका दिंडीत पुष्कळ दिसतात आणि त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही. जात्यावरच्या ओव्यांमध्ये पंढरीची वाट इतक्या वेळा का येते, हे रिंगणातल्या फुगडीकडे बघितलं की समजतं. त्या वाटेवर बाईला विठ्ठल भेटायचा, मैत्रिणी भेटायच्या आणि मोकळी हवाही भेटायची.

खेळून झालं की माणसं एकमेकांच्या पाया पडतात. लहान मोठ्याच्या, मोठा लहानाच्या. दोघेही 'माउली' म्हणतात. ज्याच्या पाया पडायचं त्याची जात, गाव, वय काही विचारायचं नसतं, आणि तो आपल्या पाया पडायला वाकला तर त्याला अडवायचंही नसतं. संतांनी सर्वांभूती देव पाहायला सांगितलं, हे सगळ्यांनाच पाठ आहे. वारीत त्याचा रोज सराव करून घेतला जातो, तोही कंबरेत वाकून.

वाटेवरचे यजमान

चालणाऱ्यांइतकाच हा सोहळा न चालणाऱ्यांचाही आहे. पुण्यात पालख्या आल्या की नाना-भवानी पेठेत रस्त्याच्या कडेला कुणी वारकऱ्यांचे पाय चोळत बसतं, कुणी चपला शिवून देतं, केशकर्तनवाले फुकट दाढ्या करतात. यवतला गाव मिळून पिठलं-भाकरी करतं, घराघरांतून भाकऱ्या येतात. जेजुरीला पालखीवर भंडारा उधळला जातो आणि विठोबाची माणसं खंडोबाच्या हळदीने पिवळी होतात. काटेवाडीला परीट समाज तुकोबांच्या पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि धनगर आपल्या मेंढ्या पालखीभोवती पळवतात. देहूहून निघालेल्या तुकोबांच्या पालखीचा पहिला अभंग आणि आरती होते ती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. प्रत्येक गावाने आपला मान, आपला पदार्थ, आपला देव या सोहळ्यात ओवून ठेवला आहे.

यातला एक व्यवहार लक्षात घेण्यासारखा आहे. जेवू घालणारा वारकऱ्याच्या पाया पडतो आणि जेवणाराही त्याच्या पाया पडतो. उपकार कुणी कुणावर केला, याचा हिशेब लागत नाही. ज्यांना शेतीमुळे किंवा म्हातारपणामुळे चालता येत नाही, त्यांची वारी अशी दारात घडते. संप्रदायाने या माणसांना कधी कमी लेखलेलं नाही. अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत अशी परंपरा सांगते, आणि म्हणून विठ्ठलाचीच पालखी अरणला जाते.

रिंगणाबाहेरचे

हे सगळं सांगताना दुसरी बाजू सोडली तर ते प्रचारपत्रक होईल. इरावती कर्वे वारीबरोबर चालल्या आणि 'वाटचाल' हा लेख त्यांनी लिहिला. पंढरीला जाणाऱ्यांचा मुलूख तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना तिथे सुचली. ती आपण वारंवार सांगतो. पण दिवसभर एकत्र अभंग म्हणणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका जेवायला वेगवेगळ्या बसतात, याने त्यांना बेचैन केलं होतं, हे त्याच लेखात आहे. ते सांगायचं आपण विसरतो. पुष्कळ दिंड्या आजही गावानुसार, म्हणजे अनेकदा जातीनुसारच बनलेल्या असतात.

मंदिराच्या दाराशी तर हा प्रश्न अधिक उघडा होता. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या जवळ आहे. तिच्यावर डोकं ठेवून सगळे आत जात आणि चोखोबांच्या जातीच्या माणसांना मात्र शतकानुशतकं आत प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क कायद्याने काढले ते १९७३ साली, आणि त्यावरचा न्यायालयीन लढा सर्वोच्च न्यायालयात संपायला २०१४ उजाडलं. रस्त्यावर जी समता शेकडो वर्षं पायांखाली होती, तिला दगडी उंबरा ओलांडायला इतका वेळ लागला. वारीचा आनंद खरा होता, पण त्याने आपोआप न्याय दिला नाही. न्यायासाठी वेगळं भांडावंच लागलं.

आजचे प्रश्न आणखी वेगळे आहेत. आळंदी आणि देहूहून जाणारे दोन्ही पालखी मार्ग आता चौपदरी महामार्ग होत आहेत. चालायला रस्ता रुंद झाला, पण जुन्या झाडांची सावली गेली. फिरती शौचालयं आल्यामुळे तळांवरची घाण बरीच कमी झाली आहे. तरीही पालखी गेल्यावर दुसऱ्या दिवशी गावात प्लास्टिकचे पेले, पत्रावळी आणि बाटल्यांचा खच पडलेला असतो. तो उचलतात ते ग्रामपंचायतीचे कामगार, आणि त्यांच्या पाया कुणी पडत नाही. शिवाय पांढरा सदरा घालून, कपाळी गंध लावून दिवे घाटापुरते येणारे, फोनवर चित्रण करून संध्याकाळी गाडीने परतणारे लोक वाढले आहेत. त्यांना हसण्याचं कारण नाही. पण त्यांना जे मिळतं तो आनंदाचा देखावा असतो. टाळ थांबवण्याची आणि गाऱ्हाणं ऐकण्याची संध्याकाळची वेळ येईपर्यंत ते घरी पोचलेले असतात.

पोचणं आणि वाटून खाणं

२०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. प्रस्थान झाल्यावर पादुका आळंदी-देहूतच थांबल्या आणि ३० जूनला, दशमीच्या दिवशी, मोजक्या माणसांबरोबर एसटीने पंढरपूरला नेल्या गेल्या. १ जुलैला एकादशीची महापूजा झाली. पंढरपुरात संचारबंदी होती, चंद्रभागेचं वाळवंट मोकळं होतं. विधी म्हणून पाहिलं तर काहीही राहिलं नव्हतं. पादुका पोचल्या, पूजा झाली, तिथी साधली. तरी गावोगावच्या माळकऱ्यांना त्या वर्षी वारी चुकल्याची हळहळ होतीच. देवळात काय घडलं यावर वारी ठरत नाही, याचा याहून चांगला पुरावा नाही.

एरवीच्या वर्षी वाखरीला सगळ्या मानाच्या पालख्या एकत्र येतात. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची, पैठणहून एकनाथांची, सासवडहून सोपानदेवांची. पंढरपुरातून नामदेवांची पालखी त्यांना आणायला सामोरी जाते. ज्ञानदेवांसह चारही भावंडं इथे भेटतात, अशी श्रद्धा आहे. एकादशीला दर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि पायांवर डोकं ठेवायला अनेक तास लागतात. वारीच्या दिवसांत देऊळ रात्रंदिवस उघडं राहतं, म्हणून देवाचा पलंगही काढून ठेवलेला असतो. एवढं करूनही बहुसंख्य वारकरी रांगेत उभे राहत नाहीत. चंद्रभागेत स्नान करायचं, नगरप्रदक्षिणा घालायची, नामदेव पायरीशी वाकायचं, लांबून कळस बघायचा आणि हात जोडायचे. इतके दिवस चालून आलेला माणूस मूर्ती न बघता समाधानाने परत फिरतो. बाहेरच्याला हे चमत्कारिक वाटतं, वारकऱ्याला नाही.

आणि एकादशीला वारी संपतही नाही. ती संपते पौर्णिमेला, गोपाळपूरच्या काल्यात. कृष्ण आणि त्याचे सवंगडी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवून खात, त्याची ही आठवण. काल्याचं कीर्तन होतं, लाह्या आणि दही कालवलं जातं आणि माणसं एकमेकांच्या तोंडात घास घालतात. स्वतःच्या हाताने स्वतः खायचं नाही, दुसऱ्याने भरवायचं. काला घेतल्याशिवाय पंढरी सोडू नये, असा संकेत आहे. सगळ्या वारीचा अर्थ या एका रिवाजात आहे. आपला आनंद आपल्या हाताने आपल्या तोंडात घालता येत नाही. तो दुसऱ्याकडून घ्यावा लागतो आणि त्याच वेळी दुसऱ्याला द्यावा लागतो.

एकत्र येऊन आनंद करण्याचे प्रसंग आपल्याकडे कमी नाहीत. उत्सव, मिरवणुका, जलसे वर्षभर चालू असतात आणि त्यांचा आवाज वारीपेक्षा मोठा असतो. फरक एवढाच की तिथे आवाज थांबवायला पोलीस लागतात, इथे एक दंड वर झाला तरी भागतं. जो जमाव सांगितल्यावर थांबू शकतो आणि थांबून कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकू शकतो, त्याच्याच आनंदाला अध्यात्म म्हणावं, असं मला वाटतं.

माउलींचं प्रस्थान दरवर्षी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून होतं, तुकोबांचं त्याच्या आदल्या दिवशी देहूहून. जायची इच्छा असेल तर घाटापुरतं जाऊ नका. आपल्या गावाची किंवा ओळखीची दिंडी शोधा, भिशी भरा, निदान चार मुक्काम चाला. रोजची समाजआरती पूर्ण होईपर्यंत तळावर थांबा आणि आपण बसलो तिथला कचरा निघताना उचला. जमलं तर पौर्णिमेपर्यंत राहा आणि अनोळखी माणसाच्या हातून काल्याचा घास घ्या.